कडी लावलेली गिनी मोडावी का?

या सदराच्या पत्रांनाही हंगाम असतो. दसऱ्याच्या आधी लोक विचारतात, ‘नाणं कुठून घेऊ?’ आणि शाळा-कॉलेजच्या फिया, लग्नं, घराचं डिपॉझिट असं काही दारात आलं की विचारतात, ‘ताई, हे आता कोण घेईल?’ दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी विचारला असता तर निम्मी पत्रं मला आलीच नसती. असो, आली आहेत तर उत्तरं देते.

प्रश्न : आम्ही दर धनत्रयोदशीला बँकेतून १० ग्रॅमचं एक नाणं घेत आलो. आता भाड्याच्या फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी काही नाणी विकायची आहेत. बँक म्हणते, आम्ही परत घेत नाही. सोनार म्हणतो, पाकीट फोडावं लागेल आणि घट धरावी लागेल. जिनं विकलं तीच बँक हात वर करते, हे कसं? – एक वाचक, डोंबिवली

बँकेच्या माणसाशी भांडून उपयोग नाही. बँकांना सोन्याची नाणी विकायची मुभा आहे, विकलेली परत विकत घ्यायची नाही. हे विकतानाच सांगायला हवं, पण धनत्रयोदशीच्या गर्दीत कोण सांगतंय आणि कोण ऐकतंय!

आता सोनाराचं. पाकीट फोडणं हे त्याच्या दृष्टीनं रास्त आहे. पाकिटावर काय छापलंय यावर कोणी पैसे मोजत नाही, आतल्या धातूवर मोजतो. पण फोडायचं तर टंच (सोन्याचा कस) काढायच्या मशीनसमोर, तुमच्या डोळ्यांदेखत. दुकानाच्या आतल्या खोलीत नाणं जाऊ देऊ नका. मशीन एक्स-रेचं असतं. नाणं कापत नाही, तासत नाही, मिनिटभरात पडद्यावर आकडा येतो. बँकेचं नाणं असेल तर ९९९, म्हणजे हजारात ९९९ भाग सोनं, किंवा त्याच्या आसपास दिसायला हवं.

घट मात्र कबूल करू नका. दागिन्याला घट धरतात, कारण त्यात डाक (सांधा जोडायचा मिश्र धातू) असते, लाख असते, खडे असतात. २४ कॅरेटच्या नाण्यात यातलं काही नाही, मग घट कशाची? सोनार भावात थोडा फरक ठेवणार, तो त्याचा धंदा आहे आणि तो देण्यात गैर नाही. पण वजनातून कापायला लागला की पिशवी उचला आणि शेजारच्या दुकानात जा. झवेरी बाजारात शेजारचं दुकान चार पावलांवर असतं. तिथं जायच्या आधी इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा त्या दिवसाचा भाव बघून ठेवा. ९९९, ९९५, ९१६ असे वेगवेगळे भाव रोज जाहीर होतात. ‘तुम्ही ९९९चा भाव देताय की ९९५चा?’ एवढा एक प्रश्न नीट विचारला तरी समोरचा माणूस जरा सावरून बसतो.

एक कडू हिशेब सांगते. त्या जाहीर भावात जीएसटी नसतो. तुम्ही घेताना ३ टक्के जीएसटी दिलात, वर पाकिटाचा, छपाईचा, बँकेच्या नफ्याचा भार होताच. त्यातलं काहीच परत येणार नाही. म्हणजे घेतलं त्याच संध्याकाळी विकलं असतं तर तोटाच होता. मधल्या वर्षांत भाव चढला म्हणून तो दिसत नाही, इतकंच.

आणि मुळात विकताय कशाला? डिपॉझिट म्हणजे भाडं सोडताना परत येणारे पैसे. तेवढ्यासाठी तारण ठेवा. बँकांनी विकलेल्या नाण्यांवर माणशी ५० ग्रॅमपर्यंत कर्ज मिळू शकतं. बिस्किटावर किंवा लगडीवर मिळत नाही. तुम्ही बिस्किटाऐवजी नाणी घेतलीत त्याचा हा एक फायदा.

प्रश्न : आमचं बिऱ्हाड गिरगावातून बोरिवलीला हलवताना सासूबाईंच्या पेटीत चार गिन्या सापडल्या. दोघींना कडी लावलेली आहे, दोन कोऱ्या आहेत. एकीवर १९१८ साल आणि दाढीवाला राजा आहे. सोनार म्हणतो, ‘जुनाट आहेत, वितळवून वळं करून देतो, आठ-आठ ग्रॅम धरू.’ लंडनला असलेली मुलगी म्हणते, माझ्याकडं आण, इथं जास्त किंमत येईल. मोडू का? – एक गृहिणी, बोरिवली

थांबा. आधी काही करू नका, घासूनसुद्धा काढू नका. आपल्याकडं दागिना दिसला की रिठ्याच्या पाण्यात टाकून ब्रश मारायची सवय असते. गिनीवर ब्रश मारला की राजाच्या गालावर बारीक ओरखडे पडतात आणि ते जाणकाराला लगेच दिसतात.

सोनाराच्या ‘आठ ग्रॅम’पासून सुरुवात करू. आपण गिनी म्हणतो ते ब्रिटिश सॉव्हरिन, त्याचं पूर्ण वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरेट. म्हणजे आतलं चोख सोनं ७.३२ ग्रॅम. हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. २४ कॅरेटचा एका ग्रॅमचा दिवसाचा भाव गुणिले ७.३२, ही कोणत्याही खऱ्या गिनीची कमीत कमी किंमत. सोनार ‘आठ ग्रॅम’ म्हणतो तेव्हा तो आठ ग्रॅमचं चोख वळं देणार नाही, हे तुम्हालाही कळतंय. तो २२ कॅरेटचं देईल, आणि वर घडणावळ लावेल. वायदेबाजारातही ‘गोल्ड गिनी’ नावाचा सौदा असतो. तो आठ ग्रॅम ९९५ सोन्याचा. त्याचा भाव दाखवून कोणी गोंधळ घातला तर तुमच्या पेटीतल्या गिनीशी त्याचा काही संबंध नाही, हे ध्यानात ठेवा.

आता भिंग घ्या. दहापट दाखवणारं भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा. १९१८च्या गिनीची मागची बाजू: घोड्यावरचा स्वार, पायाखाली ड्रॅगन, त्याखाली जमिनीची रेघ आणि रेघेखाली साल. सालाच्या मध्याच्या बरोबर वर, त्या जमिनीच्या रेघेवरच एक बारीकसं इंग्रजी अक्षर असेल. ‘आय’ असेल तर ती मुंबईत पाडलेली गिनी. ‘एस’ असेल तर सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ. रेघेखाली उजव्या कोपऱ्यात ‘बी पी’ ही अक्षरं दिसतील. तो बेनेदेत्तो पिस्त्रुची, ज्यानं हा घोडेस्वार कोरला. मधली काही दशकं सोडली तर १८१७पासून त्याचंच चित्र चाललंय. राजा पाचवा जॉर्ज, त्याच्या मानेच्या कापाजवळही कोरणाऱ्याची आद्याक्षरं असतात.

मुंबईची गिनी ही खास गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत काढली आणि तिनं १९१८ सालाच्या जवळजवळ १३ लाख गिन्या पाडल्या. त्याच साली, त्याच वजनाचं आणि त्याच कसाचं १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही तिथं निघालं. त्यानंतर कारभार बंद झाला. २०१३पासून परवाना घेऊन हरियाणातल्या कारखान्यात पुन्हा ‘आय’ अक्षराच्या गिन्या निघू लागल्या, पण त्यांच्यावर पाचवा जॉर्ज नसतो.

हे वाचून हुरळून जाऊ नका. १३ लाख हा आकडा लहान नाही, आणि मुंबईतली गिनी मुंबईत दुर्मीळ कशी असणार? चांगल्या स्थितीतल्या कोऱ्या गिनीला सोन्याच्या भावावर थोडं जास्त मिळतं, घर घेण्याइतकं नाही. तुमच्या पेटीत १५ रुपयांचं नाणं निघालं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं.

खरी आहे का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. राजाच्या चेहऱ्याच्या गिन्या खाजगीत भरपूर पाडल्या गेल्या आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी खऱ्या सोन्याच्याच असतात. फक्त कस २२चा नसतो, कधी २०, कधी त्याहून खाली. मी हॉलमार्किंग केंद्रात मशीनवर बसायची तेव्हा अशी नाणी ओळखीची झाली होती. अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी झिजकट, कडेचे दाते मधेच जाड मधेच बारीक. मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं, म्हणून आम्ही काटा आणि कॅलिपर आधी वापरायचो. खऱ्या गिनीचा व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटरच्या किंचित वर. सोनं फार जड. त्यामुळं कोणी हलका धातू घालून वजन बरोबर जुळवलं तर नाणं जाड होतं, आणि माप बरोबर ठेवलं तर वजन कमी भरतं. टंगस्टन सोडला तर या पेचातून सुटायला भेसळवाल्याला स्वस्त वाट नाही. कॅलिपर नागदेवी स्ट्रीटवर कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळतो.

कडी लावलेल्या दोन गिन्यांचं उत्तर निराळं. मोहरांची माळ, पुतळ्यांची माळ, गळ्यातली गिनी, हे आपल्या घरांत नवं नाही. पण कडी डाक लावून झाळताना नाण्याच्या माथ्यावर आच लागलेली असते, दाते वितळलेले असतात. संग्राहकाच्या लेखी ते नाणं संपलं. कडी कापून घेतली तरी वर, घड्याळातल्या बाराच्या जागी, कानशीचा डाग राहतोच, आणि डाग लपवलेलं नाणं कडी असलेल्यापेक्षा संशयास्पद वाटतं. म्हणून कडी काढू नका. वजन ८.२ किंवा ८.४ भरलं तर खूशही होऊ नका. वरचं वजन कडीचं आणि डाकेचं, आणि डाकेत सोनं कमी असतं. पैशांची गरज असेल तर या दोन आधी मोडा, सोन्याच्या भावानं. गरज नसेल तर सुनेच्या गळ्यात घाला, तिथंच त्या शोभतात. कोऱ्या दोन ठेवा. विकायच्याच झाल्या तर सोनाराकडं नाही, नाण्यांचा लिलाव करणाऱ्यांकडं किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात न्या. सोनार आणि संग्राहक ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत, एकाला वजन हवं असतं आणि दुसऱ्याला चेहरा.

मुलीला मात्र नाही म्हणून कळवा. तिचं म्हणणं खोटं नाही. इंग्लंडमध्ये गिनी हे चलनी नाणं धरतात आणि ती विकून झालेल्या नफ्यावर तिथं भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण आपल्या १९७२च्या कायद्यानं १०० वर्षांवरचं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ची गिनी पर्समध्ये टाकून विमानतळावर जाऊ नका. बाकीच्या तिघींवरचं सालही बघून घ्या.

जाता जाता, फोर्टात सर फिरोजशाह मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. पेटी उघडलीच आहे तर नातवंडांना तिथं घेऊन जा.

प्रश्न : माझ्या मुलानं न्यू जर्सीत एक औंसाची अमेरिकन ईगल नाणी घेतली आहेत. त्यावर शोध घेतला तर ती २२ कॅरेटची निघाली. आपल्याकडं साधं बँकेचं नाणं २४ कॅरेटचं असतं. त्याला फसवलं का? आणि पुढच्या भेटीत इथं आणली तर? – एक निवृत्त शिक्षक, ठाणे

गुरुजी, फसवलेलं नाही. ईगलमध्ये एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम चोख सोनं पूर्ण आहे. त्याच्या वर थोडी चांदी आणि तांबं मिसळलंय, म्हणून सगळं नाणं ३३.९३ ग्रॅम भरतं. मिसळ कशाला? चोख सोनं मऊ, नखानंसुद्धा कोपरा दुखावतो. १९६७ साली दक्षिण आफ्रिकेनं क्रूगरँड काढलं तेही असंच २२ कॅरेटचं, आतलं सोनं एक औंस. कॅनडाचं मेपल लीफ १९७९चं, ते आता ९९९.९ कसाचं असतं, वजन ३१.१. दोन्ही एकाच तराजूत घातली तर क्रूगरँड जड, पण सोनं सारखंच. ब्रिटनच्या ब्रिटानियाचा कस २०१३पासून २२चा २४ झाला. चीनचं पांडा नाणं दरवर्षी चित्र बदलतं, म्हणून ते जमवणारे वेगळेच. २०१६पासून ते औंसाऐवजी ग्रॅममध्ये पाडतात.

आणण्याचं म्हणाल तर नका आणायला सांगू. परदेशातून येणाऱ्यांना जी करमाफी असते ती दागिन्यांना, नाण्यांना नाही. नाणी आणायचीच तर लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करायची आणि शुल्क भरायचं. न सांगता आणली आणि सापडली तर जप्ती. आणि शुल्क भरून आणली तरी झवेरी बाजारात गरुडाला कोण विचारतो? तिथं ते ३१.१ ग्रॅम सोनं म्हणूनच मोजतील. न्यू जर्सीतल्या डीलरकडं त्याच नाण्याला ओळख आहे, भाव लगेच मिळतो. मुलाला सांगा, घेतलं तिथंच ठेव, तिथंच विक.

प्रश्न : मी ऐरोलीत आयटीत आहे. दर महिन्याला १ ग्रॅमचं नाणं घेण्याचा विचार आहे. वर्षभरात १२ ग्रॅम होतील. चांगलं ना? – एक वाचक, ऐरोली

शिस्त चांगली, नाणं वाईट. १ ग्रॅमचं असो की १० ग्रॅमचं, पाडायचा, तपासायचा आणि पाकिटात भरायचा खर्च बराचसा सारखाच येतो. लहान नाण्यावर तो टक्क्यांत फार जड पडतो. पैसे साठवून वर्षातून एकदा १० ग्रॅम घ्या. अशोकचक्राचं सरकारी नाणं २०१५ साली निघालं, ५ आणि १० ग्रॅमचं. ते किंवा ज्या पेढीकडं परत विकायचा विचार आहे तिचंच नाणं घ्या. विकत घेण्याआधी तिथंच विचारा, ‘तुमचं हेच नाणं पुढच्या वर्षी आणलं तर काय कापाल?’ उत्तर पावतीच्या मागं लिहून द्यायला सांगा. जो लिहून द्यायला कां-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

हातात धरायची हौस नसेल तर गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात युनिटच्या रूपात मिळणारं सोनं) बघा. आपल्याकडं ते २००७पासून आहेत. सरकारी सुवर्णरोखे नवे निघत नाहीत, शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४मध्ये आली. आणि ॲपवर दहा रुपयांचं ‘डिजिटल सोनं’ घेत असाल तर ते सेबीच्या नियमांखाली येत नाही, असा इशारा सेबीनंच दिलेला आहे.

प्रश्न : आईच्या लॉकरमध्ये बऱ्याच मोहरा आणि नाणी आहेत, एकाचीही पावती नाही. विवाहितेला ५०० ग्रॅमपर्यंत चालतं असं ऐकलंय. ते खरं ना? विकताना कर किती? – एक वाचक, लालबाग

अर्धं खरं. १९९४च्या त्या सूचनेत आयकराच्या झडतीत किती सोनं जप्त करायचं नाही, ते सांगितलंय: विवाहित स्त्री ५०० ग्रॅम, अविवाहित २५०, पुरुष १००. पण ते दागिन्यांबद्दल. नाणी आणि बिस्किटं त्यात मोडत नाहीत. लोक नेमकं हेच विसरतात.

पावती नाही म्हणून घाबरूनही जाऊ नका. १९६३ साली १४ कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी आली, १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं घरात बिस्किटं बाळगणंच गुन्हा ठरवलं, आणि हा कायदा १९९०पर्यंत होता. त्या काळात सोन्याबद्दल कोण कागद सांभाळून ठेवणार? माझे वडील काळबादेवीत कारागीर होते, त्या दिवसांत सोनारांच्या घरांत चूल कशी पेटायची ते त्यांच्या तोंडून ऐकलंय. वारशानं आलेलं असेल तर मृत्युपत्र, वाटणीपत्र, जुनं विवरणपत्र, लॉकरच्या नोंदी, जे असेल ते एकत्र करा. आई हयात आहेत, तर त्यांच्याच सहीनं नाण्यांची यादी करून ठेवा: फोटो, वजन, साल. हे काम एका रविवारचं आहे आणि पुढं भावंडांतली भांडणं वाचतात.

कर असा. वारशानं सोनं येतं तेव्हा कर नाही, विकता तेव्हा आहे. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ बाळगलेलं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के, आणि हा काळ आईनं घेतलं तेव्हापासून मोजतात. १ एप्रिल २००१च्या आधीचं सोनं असेल तर त्या तारखेचा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. तेव्हा १० ग्रॅमला चार-साडेचार हजार होता, त्यामुळं फार मोठी वजावट मिळेल अशी आशा ठेवू नका. पैसे बँकेत घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला कायद्यानं मनाई आहे. दुकानदार ‘रोखीत थोडे जास्त देतो’ म्हणाला तरी नको म्हणा.

प्रश्न : सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतो, आजोबा ११.६६ म्हणायचे. कोण बरोबर? – एक विद्यार्थी, दादर

आजोबा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, १२ मासे, ९६ गुंजा. मेट्रिक वजनं आल्यावर बाजारानं सोयीसाठी १० ग्रॅमलाच तोळा म्हणायला सुरुवात केली. पण जुनं दहा तोळ्यांचं बिस्कीट अजून ११६.६ ग्रॅमच भरतं. तुम्ही ग्रॅममध्येच बोला आणि पावतीवरही ग्रॅमच लिहून घ्या.